नवव्या मजल्यावरचं नाव

सेंट लुइस, ४ मार्च १९९८

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांच्या ऑफिसच्या इमारतीत आता माणसं राहायला लागलीत, आणि त्यांतली एक मी आहे. जागाही थेट बाबांचीच मिळाली, नववा मजला. कारकून बसायचे तिथे माझा पलंग आहे. पोलादी तिजोरीची खोली कुणाला फोडता आली नाही, म्हणून तिथे माझे कपडे टांगलेत. छत इतकं उंच, की हीटर माझ्याआधी त्यालाच ऊब देतो.

आमच्या भाऊरायाने, वेंडेलने, घर विकायला काढलंय आणि तुझ्यासाठी वृद्धाश्रम पाहिलाय म्हणे. तिकडे कशाला जातेस? इथे ये. बाबा गेले, तरी दाराच्या दुधी काचेवर त्यांचं नाव सोनेरी अक्षरांत अजून आहे. जुन्या इमारती जपणाऱ्या वारसा समितीचा नियमच आहे, ते खरवडायचं नाही. तुला बरं वाटेल.

लोभ आहेच, तो घेऊनच ये.
तुझी लॉर्ना

केप जिरार्डो, ११ मार्च

चि. लॉर्नास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. वेंडेलने खोकी आणून ठेवलीत. मी त्यांत काही भरत नाही, म्हणून सूनबाई फुगल्या आहेत. आश्रमात दर शुक्रवारी तळलेली मासळी मिळते म्हणे. मिळू दे.

तुझ्याकडे मी येणार नाही. लग्न झालं तेव्हापासून मी त्याच नावामागे राहिले. बँकेत, चर्चच्या यादीत, अगदी जत्रेत माझ्या ॲपल-पायला बक्षीस मिळालं त्या फितीवरसुद्धा ‘मिसेस वॉल्टर क्राउस’. तो ॲपल-पाय काय ह्यांनी लाटला होता? आणि त्या इमारतीत खालच्या बाकाच्या पुढे मला कधी जाऊ दिलं नाही. वेंडेलचा हात मोडला तेव्हा धावत गेले, तर लिफ्टवाल्याने वर फोन करून सांगितलं, साहेबांकडे गिऱ्हाईक आहे, बसा. मी बसले. त्याचा राग अजून आहे. ह्यांच्यावर जीव होता, तोही आहे. पण रोज ते नाव वाचून आत शिरणं माझ्याच्याने व्हायचं नाही.

रुसू नकोस, आणि गळ्याला मफलर बांधत जा.
आई

सेंट लुइस, २ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रागावले. बाबांनी मलाही तिथे कधी बसू दिलं नव्हतं, म्हणून हौसेने जागा घेतली होती. तुला काय वाटेल हे मनातच आलं नाही.

समितीच्या बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, नाव झाकायचंसुद्धा नाही. मग मी जागाच बदलली. आता सहाव्या मजल्यावर आहे. लहान आहे, आणि खिडकीतून नदीऐवजी पार्किंगची भिंत दिसते. दाराची काच मात्र कोरी आहे. तिच्यावर जुन्याच वळणाची सोनेरी अक्षरं काढली तर चालतात. रंगारी सतरा तारखेला येतोय. काय लिहायला सांगू?

उत्तराची वाट पाहते, त्याहून जास्त तुझी.
लॉर्ना

केप जिरार्डो, ८ एप्रिल

चि. लॉर्नास,
अ. उ. आ.

नदी गेली याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. खोकी भरली. वेंडेल महिनाअखेर आणून सोडतो. दोघींच्या संसारात भांडणं होतील, ती होऊ देत.
आई

ता. क. काचेवर ‘ॲडेल’ लिहायला सांग. मिसेस नको. पुढे क्राउस लावायचं की माहेरचं होराक, ते मी तिथे दारापुढे उभी राहून ठरवीन. रंगाऱ्याला म्हणावं, जागा सोडून ठेव.