खेकड्याच्या बापाची बाजू

३ ऑगस्ट
यंदा सतरा तारखेच्या स्वातंत्र्यदिनाला आमच्या गल्लीत दोरीला टांगलेले पापड खायची स्पर्धा नाही. वादविवाद आहे. बाप विरुद्ध आया. शनिवारी बॅडमिंटन कोर्टावर चादर बांधून मुलांचा कार्टून सिनेमा दाखवायचा, मग सोळाला वाद. विषय: खेकड्याच्या बापाचं चुकलं का? बापांचा कॅप्टन मी. एकमताने निवड. (बाकीचे तोवर चहाला उठले होते.) बक्षीस प्लास्टिकचा मोठा टब. प्रश्न टबाचा नाही, तत्त्वाचा आहे.

५ ऑगस्ट, संध्याकाळ
कीनांती, आमची एकुलती एक, वय दहा, शाळेची चिठ्ठी घेऊन आली. बावीसला सहल. दक्षिणेच्या समुद्रावर. दोन ओळी वाचल्या, पुरे झाल्या. शाळेचा खेळाचा ड्रेस हिरवा आहे, सहलीला तोच असतो. त्या समुद्रावर हिरवं घालून कोणी जात नाही. तिथे पाण्यात राहणाऱ्या राणीला हिरवं आवडतं, ती माणूस ठेवून घेते. मी पाणीपुरवठ्यात मीटर तपासतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण विषाची परीक्षा कशाला. चिठ्ठी स्कूटरच्या सीटखाली टाकली. कीनांतीला सांगितलं, सहलीचं नक्की नाही, सर विचार करताहेत. हे खोटं नव्हे. सर काहीतरी विचार करतच असतील.

८ ऑगस्ट
सिनेमा पाहिला. खेकडीण लाटेबरोबर वाहून जाते. बाप पिल्लाला सांगतो, समुद्र आटला. पिल्लू तरी आईकडे निघतं. एक कासव त्याला फुकट घेऊन जातं. या दिवसांत, फुकट. बाप शोधायला धावतो, तोही सरळ. खेकडा, आणि सरळ. लॉजिकच्या नावाने बोंब.
पण बाप शंभर टक्के बरोबर. माझा मुख्य पॉइंट: त्याने पहिल्याच मिनिटाला खरं सांगितलं असतं तर सिनेमाच झाला नसता. आमची ही, लेस्तारी, म्हणाली, बरं झालं असतं, भात तरी वेळेवर लागला असता.
विरोधी पक्ष घरातच आहे. आजपासून तिच्यासमोर एकही पॉइंट बोलायचा नाही.

९ ऑगस्ट
सगळे पॉइंट तिच्यासमोर बोलून झाले.

१२ ऑगस्ट
माझं अक्षर मलाच लागत नाही म्हणून कीनांतीने पॉइंट्स उतरवून दिले. गुणाची पोर. मध्येच विचारलं, बापाक, चिठ्ठीचं काय झालं? पंधराच्या आत द्यायची आहे. म्हटलं, सर अजून विचार करताहेत. तिने पेन्सिलीला टोक केलं. मग म्हणाली, सातवा पॉइंट सांगा. सातवा पॉइंट: बाप जे लपवतो ते मायेपोटी.
शेजारचे तुकिजो, मानाने पाक तुकिजो, माझे दुसरे वक्ते. म्हणतात, सिनेमा बघून रडू आलं, पिल्लाची दया आली. त्यांना ताकीद दिली.

१६ ऑगस्ट
दगा. दुसरा शब्द नाही.
आयांच्या बाजूने बोलायला कोण उभं राहिलं? कीनांती. हातात माझेच सात पॉइंट्स. नक्कल करून ठेवली होती. एकेक घेतला आणि सोलला. शेवटी म्हणाली, समुद्र आटलेला नाही हे पिल्लाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घरात बसून लाटा ऐकू येतात की. ते नुसती वाट बघत होतं, बाप आपणहून कधी सांगतो त्याची. हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. कोर्टाच्या कडेला उभ्या केलेल्या माझ्या स्कूटरकडे बघत होती.
मग हात वर करून मतं. पाक तुकिजोंनी आयांसाठी हात वर केला. दोन्ही.
टब लेस्तारीने डोक्यावर धरून घरी आणला. पोटची पोर, हक्काचा शेजारी, लग्नाची बायको. आता कोणावर विश्वास ठेवायचा?

१७ ऑगस्ट
दिवसभर कोणाशी बोललो नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही.
चिठ्ठी काढून सगळं सांगून टाकावं असं झेंडावंदनाच्या वेळी वाटलं. पण तारीख उलटून गेली. आता काढून काय उपयोग.

२२ ऑगस्ट, सकाळी सात
सहल गेली. कीनांतीसकट. लेस्तारीने सरांकडून दुसरी चिठ्ठी आणून कधीच सही करून दिली होती. मला म्हणाली, तुम्ही विचार करत होतात ना, म्हणून त्रास दिला नाही. बसच्या दाराशी पाक तुकिजो, गळ्यात शिट्टी. सोबतीला चाललेत. पोरं सगळी पांढऱ्या कपड्यांत. कीनांतीने रोजच्यासारखा माझा हात कपाळाला लावला, म्हणाली, येते बापाक, आणि चढली. खिडकीतून बघेल वाटलं होतं.

साडेसात
सीट उचलली. चिठ्ठी पूर्ण वाचली. तिसरी ओळ: समुद्रावर जायचं असल्याने हिरवा ड्रेस नको, पांढरे कपडे घालावेत. चौथी ओळ: मुलांबरोबर दोन वडील हवेत, पंधराच्या आत नाव कळवावं. खाली रिकाम्या जागेत पेन्सिलीने, सात पॉइंट्सच्याच सुवाच्य अक्षरात, माझं नाव. मला फक्त सही करायची होती.
सही केली. तारीख घातली.
टबात तिचा हिरवा ड्रेस भिजत पडला होता. तो धुऊन वाळत घातला. बस संध्याकाळी पाचला परत येईल.