मांजर्लीचा तेविसावा व्हॉल्व्ह

सोमवार, ३ फेब्रुवारी
पाणी सोडायचं काम उद्यापासून ठेकेदाराकडे. राजरत्नसाहेब म्हणाले, आउटसोर्सिंग झालं, भगवानराव, पण तुम्ही पर्मनंट, तुम्हाला धक्का नाही. फक्त नव्या लोकांना सगळे व्हॉल्व्ह दाखवा. बावीस दाखवले. तेविसावा, शाळेमागचा, नाही दाखवला. तो उलटा फिरतो. अडीच फेरे. माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि तो उघडल्याशिवाय आमच्या मांजर्लीला थेंब नाही. आठ दिवसांची रजा टाकली. कारण : घरगुती. खरं कारण : अद्दल.
संकल्प : साहेबांचे पहिले तीन फोन उचलायचे नाहीत.

मंगळवार, ४, सकाळी ६.१०
नळाला पाणी आलं. पाइपात माझं कालचं उरलं असणार.

गुरुवार, ६
आजही आलं. दहा मिनिटं लवकर. सुहासिनी म्हणाली, अहो, काय प्रेशर आहे, मोटर न लावता वरच्या मजल्यावर चढलं! घरातच फितुरी. तिला समजावलं, नवीन लोक आहेत, चार दिवस जोर दाखवणारच. मोबाइलचा आवाज फुल करून ठेवला.

शनिवार, ८
फोन आला! उचलला नाही. दुसरा आलाच नाही. शेवटी मीच लावला. क्रेडिट कार्डवाली निघाली. तीही कंत्राटी, बँकेने काम बाहेर दिलेलं. तिला म्हटलं, युनियन करा, घाबरू नका. तिने ठेवून दिला.

सोमवार, १०
स्वतःच गेलो. उद्या लोक तहानले तर पाप कुणाला? शाळेमागे ठेकेदाराची सुपरवायझर तेजस्वी उभी, हातात टॅब. मी ऐटीत चेंबरचं झाकण काढलं. म्हटलं, शीक पोरी, हा उलटा फिरतो, अडीच फेरे.
ती म्हणाली, काका, सॉरी हां, पण ही लाइन डेड आहे. गटाराचं काम झालं तेव्हाच कापली, नऊ वर्षं झाली. आणि उलटा नाही तो, आटे गेलेत त्याचे, कसाही फिरतो.
नकाशा चुकलाय तुझा, मी ठणकावून सांगितलं. वाद घालेल वाटलं होतं. नाही घातला. माझ्या हातातली व्हॉल्व्हची चावी घेऊन तिने खाली वाकून अडीच फेरे मारले, मी सांगितले तसेच, आणि विचारलं, बरोबर ना काका?
बरोबर, म्हणालो. फार वाईट वाटलं. घरी येऊन जेवलो नाही.