विमानाची वाटणी

ती. नाथाजीराव दाजींना, कुंडलहून उदयसिंहाचा वाकून नमस्कार. पाचगणीच्या थंडीत अक्काचे गुडघे फार दुखत नसावेत. (दुखत असतील तर इकडे पाठवा. इथं उन्हाला तोटा नाही, आणि माझ्या बाजूनं बोलणारं कुणीतरी घरात हवंच आहे.)

माझ्या राजेश्वरीचं लग्न महिन्यावर आलं आणि लालासाहेबदादा दसऱ्यापासून माझ्याशी बोलत नाही, हे तुमच्या कानावर आलंच असेल. खरं काय झालं ते माझ्याकडून ऐका. बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबच्या लिलावातून आम्ही दोघांनी जुनं दोन सीटचं सेस्ना विमान आणलं, त्याचे पेढे तुम्ही खाल्लेच आहेत. ते उडत नाही. पण वस्तीवर विमान उभं आहे म्हटल्यावर पलूसपर्यंत वजन वाढतं. दसऱ्याला रीतसर चाकाखाली लिंबू ठेवलं, पंख्याला झेंडूची माळ घातली आणि मान म्हणून दादाला उजव्या सीटवर बसवलं. जीप घ्या, ट्रक घ्या, चालक उजवीकडेच असतो ना? फोटो गावभर फिरले. मग दादाच्या पलटणीतल्या एका मित्रानं कळवलं, की विमानात कॅप्टन डावीकडे बसतो. म्हणजे डावीकडे दात काढून बसलेला मी कॅप्टन, आणि उभी हयात फौजेत काढलेला सुभेदार माझा क्लीनर! दादानं त्याच दिवशी वाटणी मागितली.

केरबाआण्णा पंच म्हणून आले. वातावरण हलकं करावं म्हणून मी इतिहास काढला (मोबाईलवर वाचला होता). अमेरिकेतल्या विचिटा गावी, जिथं आपल्या उसासारखा गहू पिकतो, तिथं बीच, सेस्ना आणि स्टिअरमन या तिघांनी १९२५ साली भागीदारीत विमानांचा कारखाना काढला. त्यातला सेस्ना मुळात शेतकरीच. त्याला पंखांची एकच जोडी हवी होती, बाकीच्यांचा जीव दोन जोड्यांवर, असं म्हणतात. पुढं तिघांचे रस्ते वेगळे झाले आणि प्रत्येकाच्या नावाचा कारखाना निघाला. यावर दादा केरबाआण्णांकडं बघून म्हणाला, “तिथं येगळं झालं तर तीन कारखानं झालं. आमी येगळं झालो तर एका इमानाचं दोन तुकडं. लय परगती हाय!”

वाटे एकानं घालायचे, उचलायचे दुसऱ्यानं, ही आपली रीत. मी मुद्दाम अडाण्यासारखे वाटे घातले: एकीकडे इंजिनासकट धड, दुसरीकडे नुसते पंख. दादा म्हणेल, असं कुठं असतंय व्हय, राहू दे सामाईक. त्या एका वाक्यासाठी मी जीव मुठीत धरून बसलो होतो, दाजी. दादानं शांतपणे पंख उचलले.

आता त्याच्या म्हशी सेस्नाच्या पंखाखाली रवंथ करतात आणि माझ्या अंगणातल्या धडात कोंबड्या अंडी घालतात. तर माझं मागणं एवढंच, की दादाला सांगून पंख परत मिळवून द्या. लग्नात अख्खं विमान दारात उभं राहावं. बाकी त्याच्यावाचून माझं काही अडलेलं नाही.

आपला,
उदयसिंह

ता. क. पंख नाही दिले तरी चालेल. म्हशींना सवय झाली असेल.

आणखी ता. क. लग्नपत्रिका छापून आल्या. निमंत्रक म्हणून सगळ्यात वर दादाचंच नाव घातलंय, त्याला न विचारता. पहिली पत्रिका घेऊन रोज त्याच्या दारापर्यंत जातो आणि म्हशींची चौकशी करून परत येतो. तुम्ही या आणि मला हाताला धरून आत न्या. बोलायचं तेवढं तुम्ही बोला. मला त्याच्यासमोर रडू येतं.