ओल्या वातीची नोंद

प्रिय पंडित,

‘प्रिय’ सवयीनं आलं हातातून. राहू दे. लिहिलेलं मी आयुष्यात एकदाच बदललं, तेही तुझ्या सांगण्यावरून, आणि तेवढं जन्माला पुरलं.

तुझं पत्र मिळालं. बावीस वर्षांत पहिलं, तेही छापील कागदावर, खाली संचालकाचा शिक्का. आमचं हवामान केंद्र बंद होणार, माझ्या जागी यंत्र बसणार, जुनी दप्तरं मुख्य कार्यालयात जाणार, हे मला शिपायाकडून आधीच कळलं होतं. पण तळाशी तुझ्या हाताच्या दोन ओळी आहेत. त्या वर्षीची पेन्सिलची वही सापडली तर दप्तरात घालू नकोस, थेट माझ्या नावानं पाठव. तब्येत कशी आहे, एवढंसुद्धा विचारावंसं वाटलं नाही रे तुला? बरी आहे. गुडघे तेवढे कुरकुरतात. आणि वही सापडायला ती हरवली कुठे होती? माझ्याच कपाटात होती, साड्यांच्या खाली.

तू आम्हाला प्रशिक्षण द्यायला आला होतास ते आठवतं. आम्ही पाच निरीक्षक आणि तू, तापमापकांच्या पांढऱ्या पेटीपाशी बाह्या सारून उभा. हवेलाही वळण असतं, म्हणालास. जिथं ती दिवसचे दिवस पडून राहते तिथला स्वभाव उचलते, समुद्रावरची ओली नि उबदार होते, पठारावरची कोरडी. आणि निघाली की माहेरचं वळण घेऊन निघते, सुनेसारखी. अशा दोन वायुराशी भेटल्या तरी चटकन मिसळत नाहीत. ओली उबदार खाली राहते, कोरडी तिच्यावर झाकण होऊन बसते. खालची दुपारपर्यंत तापत राहते आणि झाकण उडालं की तासाभरात ढगांचा डोंगर, गारा, वरून कोसळणारा वारा. मी म्हटलं, म्हणजे वर बसलेली ती सासू. सगळे हसले, तू सगळ्यांत जास्त. तिथंच तुझ्यापायी माझं डोकं फिरलं.

त्याच आठवड्यात मी ओल्या तापमापकाच्या फुग्याभोवतीची कापडी वात भिजवायला विसरले होते. तू दिलेलं टोपणनाव मग केंद्रभर झालं, सुकी वात. हवा कोरडी असली की वातीतलं पाणी उडतं आणि ओल्या तापमापकाचा पारा खाली उतरतो, हवा दमट असली की तो फारसा उतरत नाही. पण वातच सुकलेली असली तरीही तो उतरत नाही, आणि हवा दमट असल्याचं खोटंच सांगतो. एवढी एक चूक मी केली होती, एकदा. आणि मूर्खासारखी त्या नावावर खूश होते.

वादळाच्या त्या दिवशी सकाळी आठला मी वात स्वतःच्या हातानं भिजवली होती. कोरडा तापमापक एकतीस पूर्णांक दोन, ओला सत्तावीस पूर्णांक चार. वारा रात्रीतून फिरून समुद्राकडून येत होता, ब्लाउज पाठीला चिकटत होता. मी पेन्सिलीनं वहीत लिहिलं आणि तुला मुख्य कार्यालयात कळवलं. साडेआठला तुझा फोन आला. शेजारच्या कुठल्याच केंद्रावर इतका दमटपणा नाही, तुझी वात पुन्हा सुकली असणार, पक्क्या रजिस्टरात एकवीस पूर्णांक आठ लिही. मी म्हटलं वात ओली आहे. तू हसलास, लाडानं तेच नाव घेतलंस, आणि मी विरघळले. शाईनं तुझा आकडा लिहिला. ओली हवा आमच्या नदीच्या खोऱ्यातूनच तेवढी आत शिरली होती, दुसऱ्या केंद्रांना ती दिसणार कशी? नऊला तुझा अंदाज निघाला, आकाश निरभ्र.

माझा दादा पत्र्याच्या छपरांची कामं घ्यायचा. चढण्याआधी मला फोन करायचाच, खात्याचा अंदाज नको, तुझं सांग म्हणायचा. त्या दिवशी सूतगिरणीचं छप्पर होतं. सव्वानऊला त्यानं विचारलं, मी म्हटलं चढ. तीन वाजता वादळ आलं. बरोबरचे दोघे उतरले, दादा पत्र्यासकट खाली आला, जागीच गेला. वहिनी तेव्हा तिसाव्या वर्षात होती.

चौकशीच्या अहवालात तू लिहिलंस, निरीक्षकाची नोंद सदोष. मी मूग गिळून बसले. का, ते तुला ठाऊक आहे. चार महिन्यांवर आपलं लग्न होतं, आणि तू म्हणाला होतास, आत्ता गप्प राहा, पुढचं मी सांभाळतो. छान सांभाळलंस! तुला बढती मिळाली, बायकोही दुसरी मिळाली. मला तेच टेबल, तीच पेटी. वहिनीनं मात्र मला एका शब्दानं दुखावलं नाही. वात विसरली बिचारी, माणूस विसरतं, असंच ती लोकांना सांगत आली. ते ऐकताना जीव नकोसा व्हायचा.

तुझं पत्र आलं त्या दुपारी मी वही घेऊन तिच्याकडे गेले. दोन्ही आकडे वाचून दाखवले, तुझा फोन सांगितला. मला वाटलं, ती तुला शिव्या देईल, मग मी रडेन आणि एकदाची मोकळी होईन. तिनं तुझं नावसुद्धा विचारलं नाही. डाळ निवडत होती, ती परात बाजूला ठेवली आणि एवढंच विचारलं, छपरावर चढण्याआधी त्यांनी फोन केला तेव्हा तुझ्या वहीत कुठला आकडा होता? मी म्हटलं, खरा. ती उठून आत गेली. मी तासभर बसले, ती बाहेर आली नाही. म्हणून हे पत्र, पंडित. वही तुझ्या नावानं येणार नाही. माझ्या सहीच्या जबानीसकट ती आज दप्तरात गेली, जबानीत फोन तुझा आहे आणि ‘चढ’ हा शब्द माझा आहे. तुला अचानक कळू नये, एवढी जुनी ओळख मी पाळली.

तुझीच, त्या सकाळी साडेआठपर्यंत,
जिची वात ओली होती ती