दुसरा ग्लास

हार्लन,

काल सगळ्यांसमोर तू जो दुसरा ग्लास चाखलास, त्यातली बर्बन व्हिस्की वाइनच्या पिंपात मुरलेलीच नव्हती. मी मुद्दाम साधी ओतली होती. तरी नाक खुपसून म्हणालास, "वा, द्राक्षाचा गोडवा काय उतरलाय!" त्या तापापासून तुला वासच येत नाही ना? बायकोला सांगायला जीभ झडली होती का? म्हणे घराण्याचं नाक!

तू वास घेऊन 'तयार' ठरवलेली पिंपं बाटल्यांत रिकामी करायचं काम मी थांबवलंय. गोदामात जाऊन आरडाओरडा करू नकोस.

गॅसवाल्याला आणायला बार्ड्सटाउनला गेलेय. तोवर शेगडीला हात लावलास तर याद राख. सकाळी स्वयंपाकघरात गॅस कोंडला होता आणि तू तिथेच पेपर वाचत बसला होतास. वर मलाच म्हणालास, "खिडक्या कशाला उघडतेस गं, थंडी वाजतेय."

डॉर्ला