माळकरी सासूबाई आणि केळीचा टार्ट

वेळ अमावस्या (आमची येळवस), संध्याकाळ. बेंबळी.

तीनदा साबण लावला तरी बोटांना अंड्याचा वास येतोय. शी! येळवशीला शेतात न्यायला मोबाइलवर बघून केळी-कॅरमेलचा टार्ट केला, मैद्यात अंडं घालून. सासूबाई माळकरी, त्यांना आधीच सांगणार होते. पण शेतात पोचताच त्यांनी पहिला तुकडा कडब्याच्या खोपीत पांडव म्हणून मांडलेल्या पाच दगडांपुढं नैवेद्याला ठेवला. आता सांगायचं कसं? मग त्यांनी स्वतः खाल्ला.

"लई ग्वाड झालंय गं. काय काय घातलंस?"

"केळी, साखर, लोणी." बोटं पदराला पुसत बोलले मी.

किळस अंड्याची न्हाय, माझी मलाच येतेय. घरी आल्यावर त्यांनी उरलेला तुकडा भजनातल्या मैत्रिणीला पाठवला. तिच्याही गळ्यात माळ. नेऊन मीच दिला. ह्याच बोटांनी.