ओलीस क्रमांक अकरा

४ डिसेंबर
पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या सिनेमाचे डायरेक्टर माथुरसाहेब मला म्हणाले होते, "बेटा, ग्लासात पाणी किती उरलं होतं हे अख्खं युनिट विसरलं तरी चालेल. तू विसरायचं नाही." तेव्हापासून कंटिन्युइटी सांभाळते आहे, म्हणजे एका शॉटमध्ये जे जसं होतं ते पुढच्या शॉटमध्येही तसंच आहे ना, हे बघते आहे. आजवर विसरले नाही. आजसुद्धा विसरले असं नाही म्हणता येणार. लक्ष जरा दुसरीकडे होतं.

दुसरीकडे म्हणजे हमीदा आपांच्या शामी कबाबांकडे.

गोरेगावच्या सेटवर दूतावास, त्यात बावीस ओलीस. गोष्ट एका रात्रीची, शूटिंग अठरा दिवसांचं. त्यामुळे सगळ्यांना रोज तेच कपडे, न धुतलेले. त्या वासातही आपांचा डबा उघडला की माणूस विरघळतो. आपा वीस वर्षं सिनेमांतल्या गर्दीत उभ्या राहतात; इथे ओलीस क्रमांक अकरा. या चित्रपटात पहिल्यांदाच त्यांना एक वाक्य मिळालंय, शेवटच्या सीनमध्ये: "आधी पोरांना बाहेर काढा. मी थांबते."

त्यांनी विचारलं, दीदी, पुढच्या शॉटला शाल ठेवू की काढू? माझ्या तोंडात कबाब. म्हटलं, काढा काढा, किती उकडतंय. आधीच्या शॉटचा फोटो बघितला नाही. काही बिघडत नाही. अकराव्या ओलिसाकडे कोण बघतं?

५ डिसेंबर
बघतात.

एडिटरचा फोन आला. लांबून घेतलेल्या शॉटमध्ये हिरवी शाल, क्लोजअपमध्ये नाही, पुढच्यात परत आहे. आमचे डायरेक्टर बग्गा सर ओरडले, "हा अतिरेकी आहे की लाँड्रीवाला? शाल नेतो काय, आणून देतो काय!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी तर त्यांना ठेवा म्हणाले होते.

हे मी म्हटलं नाही. ते तोंडातून आपोआप गेलं.

आपांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "जी, चूक माझीच."

उद्या सरांना खरं सांगायचं. सकाळी सगळ्यात आधी.

६ डिसेंबर, सकाळी ८
कमांडोंसारखी योजना केली आहे. ९.३० ला व्हॅनिटी व्हॅनमध्ये शिरायचं. दोन वाक्यं. ९.३२ ला बाहेर.

९.४०. सर फोनवर.
११.००. सरांनी स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. म्हणाले, "मधू, तू माझे डोळे आहेस." चहा पिऊन लगेच असं काही सांगणं बरं दिसत नाही.

दुपार. प्रश्नच मिटला! हिरोच्या तारखा नाहीत, परत शूट होणार नाही. सरांना कल्पना सुचली: शालीच्या पहिल्या शॉटनंतर लगेच अकरा नंबरला गोळी घालायची, ती जिवंत दिसते ते पुढचे शॉट कापून टाकायचे. त्यांचा असिस्टंट लोकेश म्हणाला, वा सर, व्हिलनची दहशतही बसेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. हळूच.

आपांचं वाक्य ओलीस क्रमांक चारला दिलं. तन्वी. हिरोच्या जिम ट्रेनरची भाची.

तसं बघितलं तर मरण हासुद्धा रोलच. गर्दीत कुणाला एकट्याने मरायला मिळतं?

७ डिसेंबर
वाटलं होतं, निदान समोर तरी येणार नाहीत. पण मेलेला ओलीस खोलीतच पडून राहतो. म्हणजे शेवटपर्यंत रोज आपांनी येऊन झोपायचं. जागा बरोबर माझ्या खुर्चीपाशी. रोज सकाळी त्यांचा फोटो मीच काढायचा.

डोळे मिटूनच म्हणाल्या, "दीदी, बोटं अशीच होती ना? नीट बघून घ्या हं. आता चुकले तर परत मारायची सोय नाही." सगळे हसले. मीही हसले.

कबाब आणले नव्हते. आजकाल त्यांना वेळ होत नसेल.

९ डिसेंबर
जेवण झाल्यावर सांगायचं ठरवलं होतं. जेवणात कढी-पकोडे होते. कढीनंतर डोकं चालत नाही.

दोन शॉटच्या मधे आपा पडल्या पडल्या म्हणाल्या, घरी अजून बोलले नाही. सुनेने मालवणीच्या आमच्या अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलंय, सासू पडद्यावर बोलणार म्हणून. परवा तर शेजारीण विचारत होती, "काय गं, आत्ताच सही देऊन ठेवतेस का?"

लोकेशपाशी चाचपून बघितलं. समजा, एखाद्याची चूक दुसऱ्यावर गेली तर? तो म्हणाला, "दी, ज्याची असेल त्याने गप्प बसावं. शेड्यूल आधीच मागे आहे." लोकेश अनुभवी माणूस आहे.

सोमवारी नक्की.

१४ डिसेंबर
सोमवार होऊन गेला. मंगळवारही.

आज शेवटचा सीन. कमांडो दार फोडून आले, सगळे सुटले. तन्वी आठ वेळा चुकली. एकदा "आधी मला बाहेर काढा" असंही म्हणाली. नववा टेक बरोबर. सर उठून टाळ्या वाजवायला लागले.

मी मॉनिटरवर बघत होते. खाली कोपऱ्यात आपा. डोळे मिटलेले, आणि ओठ हलताहेत. तन्वीबरोबर, शब्दाला शब्द. आधी पोरांना बाहेर काढा. मी थांबते.

कुणीच बघितलं नव्हतं. आणि नेमकं तेव्हा माझ्या आत काहीतरी जागं झालं. दहा दिवस खोटं बोलले, आता बस, असं वाटलं. मी उभी राहिले आणि मोठ्याने, अगदी स्वच्छ आवाजात म्हटलं,

"सर, प्रेताचे ओठ हलले."

सर म्हणाले, "तोंडावर शाल टाका तिच्या." टाकली. दहावा टेक झाला. शालीखाली काही हललं की नाही, कळलं नाही. मी फोटो काढला. काढावाच लागतो.

१५ डिसेंबर
आपा निरोप न घेता गेल्या.

१६ डिसेंबर
सांगितलं. योजनेशिवाय, सर गाडीत बसत असताना, दार धरून. शाल मीच काढायला लावली होती, आणि खोटंही मीच बोलले.

सर म्हणाले, "कसली शाल?"

मग आठवली. "अगं मधू, बरंच झालं की! तो मृत्यू सिनेमातला सगळ्यात भारी सीन आहे." मग विचारलं, मार्चमध्ये मोकळी आहेस का? मी हो म्हटलं.

आपांना मेसेज लिहिला आहे. तीनदा खोडला. आता एवढाच उरला:

"आपा, सरांना खरं सांगितलं. काहीच झालं नाही. रविवारी मालवणीला येऊ का? तुमच्या सुनेला, शेजारणीला, गल्लीत भेटेल त्याला सांगते, चूक माझी होती, वाक्य तुमचं होतं. तुम्ही नकोच म्हणाल. तरी येऊ द्या."